चार चाकांचें बळ आणि धन्याचें लक्ष

बैल आजारी पडला म्हणजे तो कोणत्या पायानें लंगडतो हें विचारण्यासाठीं शेतकऱ्यास पूर्वीं दुसऱ्याच्या दारीं जावें लागत नसे. गोठ्यांतून बाहेर पडतांना जनावर पहिलें पाऊल कसें टाकतें एवढ्यावरून धनी ओळखी, कीं खुरांत कांटा मोडला आहे, कीं खांदा सुजला आहे, कीं रात्रीं वैरण कमी पडली आहे. इलाज करणारा मागाहून येई. दुखणें कोठें आहे हें सांगणारा मात्र धनीच असे. आज आमच्या मोताळा तालुक्यांत पुष्कळ घरांच्या अंगणांत बैलजोडीच्या जागीं ट्रॅक्टर आणि पिकअप गाडी उभी आहे. तिचें चाक कां फिरत नाहीं असें विचारलें असतां धनी गॅरेजकडे बोट दाखवितो. गाडी आपली, कर्ज आपलें, हप्ता आपला; तिच्या प्रकृतीची माहिती तेवढी परक्याची! ही स्थिति आम्हांस इष्ट वाटत नाहीं.

आम्ही कांहीं यंत्रविद्या शिकलेलों नाहीं. आमचें शिक्षण बेताचें, आणि आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. तेव्हां पुढें जें लिहिलें आहे तें पंडिताचें व्याख्यान नव्हे. एका प्रसंगीं आमच्या अंगावर जें आलें, आणि त्यानंतर जी खटपट करून पाहिली, तिचा हा जबाब आहे असें वाचकांनीं समजावें.

गेल्या श्रावणांतील गोष्ट. आमचें एक शेत डोंगराच्या अंगास, डांबरी सडकेपासून पाणंदीनें दीड-दोन किलोमीटर आंत आहे. पाऊस तीन दिवस लागून राहिला होता. दिवस मावळतांना सोयाबीनच्या बांधावर आमच्या सालदाराच्या पायास साप डसला. घरची पिकअप शेतांतच उभी होती, आणि ती चारी चाकांनीं ओढणारी असल्यामुळें आम्ही निर्धास्त होतों. किंबहुना अशाच वेळेसाठीं आम्हीं ती जास्त पैसे मोजून घेतली होती. हबची कळ लॉकवर फिरविली, दांडी चार चाकांच्या खांच्यांत टाकली, समोरच्या तबकडीवर दिवा लागला, आणि गाडी पन्नास पावलें जाऊन चिखलांत रुतली. मागचीं चाकें जागच्या जागीं फिरूं लागलीं आणि पाहतां पाहतां एक्सलपर्यंत खालीं गेलीं. पोरगा खालीं उतरून ओरडला, "काका, पुढचे चाकं त फिरूनच नाई रायले!" शेवटीं चौघांनीं त्या माणसास बाजेवर घालून सडकेपर्यंत नेलें आणि तेथून दुसऱ्या गाडीनें इस्पितळांत पोहोंचविलें. लस वेळेंत मिळाली आणि माणूस वांचला. परंतु पाऊण तास फुकट गेला होता, आणि पाय बरा होण्यास पुढें तीन महिने लागले. तो वांचला ही ईश्वराची कृपा. आमच्या शहाणपणाचा तींत कांहीं वांटा नव्हता.

पुढें गाडी बाहेर काढून एका शहरगांवच्या गॅरेजांत दाखविली. तेथील कारागिरानें गाडीखालीं न पाहतांच निर्णय दिला, कीं ट्रान्सफर केस गेली, ती सबंध बदलावी, तीस-पस्तीस हजार रुपये लागतील. महसुलांत आम्हीं एक गोष्ट शिकलों आहों : पंचनाम्याआधीं हुकूम होत नसतो. आम्हीं गाडी घरीं आणली. आय.टी.आय. शिकलेला आमचा पुतण्या आणि आम्ही असे दोघे एक सकाळ तिच्याशीं बसलों. दोष सांपडला तो उजव्या पुढच्या चाकाच्या हबमध्यें. आंतलें ग्रीस वाळून डिंकासारखें झालें होतें आणि त्यांत काळी माती शिरली होती. वरची कळ लॉकवर फिरत होती, पण आंतील दांतेरी कडें जागचें हालत नव्हतें. धुणें, नवें ग्रीस, एक कागदी गॅस्केट, मिळून तीनशें रुपयांच्या आंत काम झालें. ट्रान्सफर केस निर्दोष होती. दोष आमचा होता. दिवाळीपासून मृगापर्यंत आणि मृगापासून श्रावणापर्यंत आम्हीं ती कळ एकदांही फिरविली नव्हती.

हा अनुभव आमच्या एकट्याचा असता तर मासिकाची जागा अडविली नसती. परंतु तेव्हांपासून आम्ही ज्याला त्याला विचारीत आलों आहों, आणि असें दिसतें कीं, चार चाकांची गाडी घेणाऱ्यांपैकीं बहुतेकांस ती शक्ति चाकापर्यंत कोणत्या वाटेनें जाते हें ठाऊक नसतें. म्हणून ती वाट प्रथम सांगतों.

इंजिनाचें बळ क्लचमधून गिअरपेटींत येतें. साध्या गाडींत तें तेथून एका लांब दांड्यानें, म्हणजे प्रोपेलर शाफ्टनें, मागच्या एक्सलकडे जातें. चार चाकांच्या गाडींत गिअरपेटीच्या मागें आणखी एक पेटी असते. तीच ट्रान्सफर केस. तिला पाण्याच्या पाटाची वाटणी समजावी. एक दार नेहमीं मागें उघडें असतें. दांडी टाकली म्हणजे दुसरें दार पुढें उघडतें, आणि पुढच्या शाफ्टनें बळ पुढच्या डिफरन्शियलांत, तेथून दोन्ही बाजूंच्या अर्ध्या शाफ्टांत, आणि शेवटीं हबमधून चाकांत जातें. त्याच पेटींत मंद गतीचा एक जोड असतो. तो टाकला असतां वेग सुमारें अडीच पटीनें कमी होतो आणि ओढ त्याच मानानें वाढते. ही रचना कांहीं नवी नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीं अमेरिकन सैन्यासाठीं झालेल्या जीपमध्यें ती होती. १९४५ सालीं महिंद्र आणि महंमद या नांवानें निघालेल्या आणि १९४८ सालीं महिंद्र आणि महिंद्र झालेल्या कंपनीनें तीच जीप आपल्या देशांत जुळविण्यास सुरुवात केली. म्हणजे आपल्या लोकांच्या हातांत ही विद्या येऊन पाऊणशें वर्षें होऊन गेलीं. एवढ्या अवधींत ती घरोघरीं पोहोंचावयास हरकत नव्हती.

आतां डिफरन्शियल म्हणजे काय? खळ्यांत मळणीची पात ज्यांनीं पाहिली आहे त्यांस हें लगेच उमजेल. तिवड्याजवळचा बैल थोडें चालतो, बाहेरचा पुष्कळ चालतो. दोघांस सारखेंच चालावयास लावलें तर पात मोडेल. तसेंच वळणावर बाहेरचें चाक जास्त आणि आंतलें कमी फिरावें लागतें. ती सोय डिफरन्शियल करतें. पण तिच्यांत एक खोड आहे. दोहोंपैकीं एका बाजूस अडथळा नसला, तर सगळा फेर तिकडे निसटून जातो आणि दुसरी बाजू उभी राहते. याच कारणानें आमच्या गाडींत एकाच हबचें कडें अडकलें असतां पुढचीं दोन्ही चाकें निकामी झालीं. डाव्या बाजूस कांहींएक बिघाड नव्हता. बळ सगळें उजवीकडच्या मोकळ्या शाफ्टांत वाहून गेलें, जसें पाटास एक भगदाड पडलें असतां खालच्या शेतांत पाणी पोहोंचत नाहीं.

रोग शोधण्यापूर्वीं जो रोगच नव्हे तो ओळखणें अवश्य आहे. पिकअपसारख्या बहुतेक गाड्यांत पुढचा आणि मागचा शाफ्ट चार चाकांच्या वेळीं एकमेकांस घट्ट जखडले जातात. दोहोंमध्यें डिफरन्शियल नसतें. वळणावर पुढच्या चाकांची वाट मागच्यांहून लांब असते. चिखलांत किंवा भुसभुशीत मातींत चाक थोडें घसरून हा फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर तो निघत नाहीं. मग शाफ्टांना पीळ बसतो, सुकाणूं जड होतें, गाडी उड्या मारल्यासारखी चालते, आणि दांडी परत काढूं म्हटलें तर निघत नाहीं. हा बिघाड नव्हे. गाडी सरळ रेषेंत थोडी मागें घ्यावी, किंवा एका बाजूचीं चाकें मऊ मातींत घालावीं. पीळ सुटतांच दांडी आपोआप हलकी होते. दांडीवर हातोडा चालविणारे आम्हीं पाहिले आहेत. त्यांनीं खरा बिघाड निर्माण केला.

टायर कमीजास्त झिजलेले असले तरी हाच प्रकार होतो. हिशेब सोपा आहे. पंधरा इंची रिमचा सामान्य टायर एका फेऱ्यांत सुमारें सव्वादोन मीटर अंतर कापतो, म्हणजे किलोमीटरास साडेचारशें फेरे. पुढचे टायर नवे आणि मागचे सहा मिलिमीटर झिजलेले असले, तर फेऱ्यामागें पावणेचार सेंटिमीटरांचा आणि किलोमीटरामागें सुमारें सतरा मीटरांचा फरक पडतो. हे सतरा मीटर कोठें तरी घांसूनच निघावे लागतात. म्हणून दोन नवे टायर आणून ते एकाच एक्सलवर घालणें आणि गाडी चार चाकांवर डांबरी रस्त्यानें पळविणें, या दोन गोष्टी एकत्र करूं नयेत.

आतां तपासाचा क्रम सांगतों. दप्तरांत जसा अर्ज, जबाब, स्थळपाहणी आणि मग निर्णय, तसाच येथें क्रम ठेवावा. त्यांत उलटापालट केली म्हणजे पैसे जातात.

प्रथम जबाब. नक्की काय होतें तें कागदावर लिहावें. दांडी खांच्यांत जातच नाहीं काय? जाते, पण दिवा लागत नाहीं काय? दिवा लागतो, पण पुढचीं चाकें ओढीत नाहींत काय? सगळें होतें, पण आवाज येतो काय? कीं गेलेली दांडी निघत नाहीं? या पांच तक्रारी पांच वेगळ्या आहेत, आणि प्रत्येकीचें मूळ वेगळ्या ठिकाणीं असतें. विशेष लक्षांत ठेवावें तें हें, कीं दिवा फक्त ट्रान्सफर केसमधील कांटा जागेवर बसला एवढेंच सांगतो. पुढचीं चाकें फिरतात कीं नाहीं हें त्यास ठाऊक नसतें. आम्ही त्या दिव्यावर विसंबलों आणि फसलों.

मग स्थळपाहणी. गाडी सपाट, टणक जागेवर उभी करावी, इंजिन बंद करावें, गिअर न्यूट्रलमध्यें आणि हातब्रेक लावलेला असावा, मागच्या चाकांस पुढून आणि मागून दगड लावावे. हब लॉकवर फिरवावे आणि दांडी चार चाकांच्या जलद गतीच्या खांच्यांत टाकावी. मग पुढचें एकच चाक जॅकनें जमिनीपासून चार बोटें उचलावें आणि लगेच एक्सलखालीं किंवा चॅसीखालीं लोखंडी स्टँड ठेवावा. नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं डोकें घालूं नये; मातीच्या अंगणांत जॅक खचतो. आणि कांहींही झालें तरी गाडी अशी उचललेली असतां इंजिन चालवून गिअर टाकूं नये. मागचीं चाकें जमिनीवर असतात. गाडी स्टँडवरून उडी घेईल.

आतां तें उचललेलें चाक हातानें फिरवून पाहावें. थोडीशी ढील सोडून तें फिरलें नाहीं, तर दोन्ही हब, शाफ्ट, डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस ही सर्व सांखळी जोडलेली आहे असें समजावें. दोष दुसरीकडे शोधावा. चाक सहज फिरलें, तर सांखळी कोठें तरी तुटली आहे. ती कोठें हें पाहण्यासाठीं एकानें चाक फिरवावें आणि दुसऱ्यानें बॅटरीच्या उजेडांत बाजूनें पाहावें.

चाक फिरतें आणि त्याच्या मागचा अर्धा शाफ्ट उभा राहतो, तर दोष त्याच चाकाच्या हबमध्यें आहे. अर्धा शाफ्ट फिरतो आणि दुसऱ्या बाजूचा अर्धा शाफ्ट उलट फिरतो, तर दुसऱ्या बाजूचा हब मोकळा आहे. अर्ध्या शाफ्टाबरोबर मधला पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरतो, तर हब निर्दोष आहेत. ट्रान्सफर केस पुढचें दार उघडीत नाहीं. आणि एका बाजूचा अर्धा शाफ्ट फिरूनही दुसरें कांहींच हालत नसेल, तर डिफरन्शियलांत किंवा शाफ्टाच्या आंतल्या टोकांत मोडतोड झाली आहे. चार प्रश्न, चार उत्तरें. लागणारें सामान एक जॅक, एक स्टँड आणि दोन माणसें. ज्या गाड्यांचा पुढचा एक्सल जुन्या जीपप्रमाणें नळींत झांकलेला असतो, त्यांत अर्धे शाफ्ट दिसत नाहींत. तेथें हबचें झांकण काढून त्यांचीं टोकें पाहावीं. पुष्कळ नव्या गाड्यांस हबचें कुलूपच नसतें. त्यांत एक प्रश्न आपोआप कमी होतो.

दोष हबमध्यें निघाला तर कळीचा प्रकार पाहावा. हातानें फिरविण्याची कळ असेल तर झांकणाचे स्क्रू ज्या क्रमानें काढले त्याच क्रमानें कापडावर मांडावे, आंतील कडें डिझेलमध्यें धुवावें, कोरडें करावें आणि ग्रीस हलक्या हातानें लावावें. येथें ठासून भरलेलें ग्रीसच पुढें कडें अडकवितें. कांहीं गाड्यांत हब इंजिनाच्या ओढीनें, म्हणजे व्हॅक्यूमनें, जोडले जातात. त्यांच्या बारीक रबरी नळ्या उन्हानें तडकतात, आणि ज्या गोदामांत कापूस किंवा मका आहे तेथें उंदीर त्या कुरतडतात. नळी टोकाकडून काढून, इंजिन चालू करून, बोट लावून पाहावें. बोट ओढलें गेलें पाहिजे. पुष्कळ डिझेल गाड्यांत हीच ओढ ब्रेकलाही मदत करते. म्हणून हब जोडले जात नाहींत आणि त्याच सुमारास ब्रेकही जड झाला आहे असें दिसलें, तर चार चाकांचा विचार सोडून आधीं ब्रेक जाणत्याकडून तपासून घ्यावा. चिखलांत अडकलेली गाडी उद्यां निघेल. राजूरच्या घाटांत ब्रेक न लागलेली गाडी परत येणार नाहीं.

दोष ट्रान्सफर केसकडे निघाला तरी लगेच ती उघडण्याचें कारण नाहीं. दांडीची गाडी असेल तर एकानें दांडी हालवावी, दुसऱ्यानें खालून पाहावें. दांडीपासून पेटीपर्यंत जे जोड असतात त्यांचे बुश झिजतात, पिना पडतात, आणि आमची काळी माती वाळून त्यांच्याभोंवतीं दगड होते. वर दांडी पूर्ण फिरते आणि खालीं कांटा अर्धाच सरकतो, एवढाच कित्येकदां सगळा आजार असतो. बटणाची गाडी असेल तर किल्ली फिरवून, इंजिन बंद ठेवून बटण दाबावें आणि पेटीजवळ मोटरचा घरघर आवाज येतो कीं नाहीं तें ऐकावें. आवाज नसेल तर क्रमानें फ्यूज, मोटरचा जोड आणि अर्थची तार पाहावी. जोडांत हिरवा गंज चढलेला असतो. बारा व्होल्टांचा एक बल्ब आणि दोन तारा एवढ्यावर वीज कोठपर्यंत येते तें कळतें. बॅटरी अशक्त असली तरी मोटर अर्ध्यावर थांबते, हेंही ध्यानांत ठेवावें.

आवाजाची तक्रार असेल तर ती ओळखण्यास कान पुरे. गाडी हालतांच एकदां खट् असा आवाज येतो, तर शाफ्टाचे क्रॉस ढिले झाले आहेत. सुकाणूं पूर्ण वळविल्यावर कट् कट् होतें, तर अर्ध्या शाफ्टाच्या बाहेरच्या सांध्याचा रबरी बूट फाटून आंत माती गेली आहे. सांधा वाजूं लागण्यापूर्वीं बूट फाटलेला दिसतो. तो तेव्हांच बदलला तर थोडक्यांत भागतें. नाहीं तर सबंध शाफ्ट घ्यावा लागतो.

तेलाविषयीं दोन शब्द. ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियल यांचें तेल वर्षांतून निदान एकदां, पावसाळा संपल्यावर, पाहावें. आधीं भरण्याचा बूच उघडून पाहावा, मग काढण्याचा. कारण खालचा उघडून तेल सांडल्यावर वरचा गंजून बसलेला आढळला तर गाडी जागेवरच अडकते. तेल दुधासारखें दिसलें तर पाणी शिरलें आहे. नळगंगेसारखी नदी किंवा तुंबलेला ओढा ओलांडतांना तापलेलें डिफरन्शियल थंड पाण्यांत बुडतें, आंतली हवा आखडते आणि बाहेरचें पाणी ओढूं पाहते. हवा जाण्यायेण्याची बारीक नळी चिखलानें बुजलेली असली तर तें पाणी सीलमधून आंत येतें. म्हणून ती नळी फुंकून साफ ठेवावी. बुचाच्या लोहचुंबकावर मऊ भुकटी दिसली तर चिंता नाहीं; कपऱ्या दिसल्या तर गाडी कारागिराकडे न्यावी. तेल कोणतें घालावें हें गाडीच्या पुस्तकांत पाहावें. कांहीं पेट्यांस गिअरचें जाड तेल लागतें, कांहींस पातळ लाल तेल लागतें; एकाच्या जागीं दुसरें चालत नाहीं.

येथपर्यंत घरची हद्द. पेटी उघडणें, डिफरन्शियलचे दांते बसविणें, बेअरिंगचा ताण मोजणें, हीं कामें कसबी हाताचीं आहेत, आणि तेथें आपण हात घालूं नये. आमचें म्हणणें प्रत्येक शेतकऱ्यानें मिस्तरी व्हावें असें नाहीं. सातबारा वाचतां येण्यास तलाठी व्हावें लागत नाहीं. परंतु ज्यास तो वाचतां येतो त्याची फसवणूक सहसा होत नाहीं. आम्हीं नोकरींत असतांना पाहिलें आहे, कीं आपला उतारा हातांत धरून "या रकान्यांत ही नोंद कशी?" असें विचारणाऱ्या शेतकऱ्याचें काम लवकर होतें. गॅरेजांतही तसेंच आहे. "गाडी चालत नाहीं" म्हणून जाणारा आणि "उजवा हब जोडला जात नाहीं, बाकीची सांखळी पाहिली आहे" म्हणून जाणारा, या दोघांचें बिल सारखें येत नाहीं. आणि प्रामाणिक कारागिरास तर असें गिऱ्हाईक हवेंच असतें. त्याचा अर्धा दिवस वांचतो.

कोणी म्हणतील कीं, हल्लींच्या गाड्यांत संगणक बसविलेला असतो, तेथें आमच्यासारख्यांचें काय चालणार? संगणक असला तरी हब लोखंडाचाच आहे, चिखल तोच आहे आणि उंदीरही तेच आहेत. दुसरे म्हणतील, वॉरंटी जाईल. पाहणें, ऐकणें, लिहून ठेवणें यानें कोणतीही वॉरंटी जात नाहीं; त्या मुदतींत खोलण्याचें काम मात्र कंपनीच्या केंद्रावरच करवावें. तिसरे म्हणतील, शेतकऱ्यास इतका वेळ कोठें आहे? त्यांस आमच्या सालदाराचा पाऊण तास आठवावा एवढीच विनंति. लोखंडी नांगर निघाला तेव्हांही अशाच शंका निघाल्या होत्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ सालीं बेळगांवीं नांगर केला, तेव्हां लोखंडानें जमिनींत विष भिनेल असें म्हणणारे होते. पुढें त्याच शेतकऱ्यांचीं मुलें फाळ बदलावयास आपल्या हातानें शिकलीं. लोखंड परकें राहत नाहीं; तें जवळ घेण्याची इच्छा पाहिजे.

एका गोष्टीविषयीं गैरसमज नको. चार चाकांची गाडी ही पाणंद रस्त्याची जागा घेऊं शकत नाहीं. शेतांत जाण्याच्या वाटेचा हक्क महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खालीं तहसीलदाराकडे मागतां येतो, आणि पाणंद रस्त्यांसाठीं २०२१ सालीं शासनानें स्वतंत्र योजनाही काढली. गांवानें एकत्र बसून आपली पाणंद मोकळी केली तर निम्म्या गाड्यांस चार चाकांची गरज उरणार नाहीं. पण तोंपर्यंत, आणि त्यानंतरही, आमची काळी जमीन भिजली म्हणजे फुगणार आणि वाळली म्हणजे भेगाळणार. तिच्यावरून जाणाऱ्या यंत्राची काळजी घ्यावीच लागेल.

म्हणून आमच्या सूचना थोडक्यांत अशा. महिन्यांतून एकदां, मग उन्हाळा असो कीं पावसाळा, गाडी कच्च्या रस्त्यावर अर्धा किलोमीटर चार चाकांवर चालवावी, म्हणजे कडीं मोकळीं राहतात आणि तेल सर्वत्र फिरतें. मृग निघण्याच्या आधीं वर सांगितलेली एका चाकाची परीक्षा दोन्ही बाजूंनीं करावी. पावसाळ्यांत आठवड्यांतून एकदां खालचा चिखल ओला असतांनाच धुवावा. एक वही ठेवावी, आणि तेल, ग्रीस, टायर यांच्या तारखा तींत मांडाव्या. जमाखर्चाची वही ठेवणाऱ्यास हें जड नाहीं.

शेवटची सूचना गांवोगांवच्या सोसायट्यांस. दोन चांगले जॅक, चार स्टँड, एक ग्रीस पंप, तेल भरण्याचा हातपंप, पान्यांचा एक संच आणि विजेचा परीक्षा-बल्ब एवढें सामान सोसायटीनें घेऊन ठेवलें, तर तें सगळ्या गांवास पुरेल. एकट्यास जें महाग पडतें तें दहांस पडत नाहीं, हेंच तर सहकाराचें तत्त्व आहे. मृगाच्या आधींच्या रविवारीं गांवांतील आय.टी.आय. शिकलेल्या मुलांनीं सोसायटीच्या अंगणांत एक गाडी उचलून सर्वांस ही परीक्षा करून दाखवावी. त्या मुलांच्या शिक्षणाचें चीज होईल आणि वडीलधाऱ्यांसही शिकण्यांत कमीपणा वाटणार नाहीं. आम्ही स्वतः उतारवयांत पुतण्याकडून शिकलों आणि त्यांत आमचें कांहीं उणें झालें नाहीं.

आमचा सालदार यंदाही आमच्याकडेच आहे. मृगाच्या आधीं आम्हीं गाडी उचलली, तेव्हां चाक फिरवून पाहण्यास तो आपण होऊन पुढें आला. चाक फिरलें नाहीं. त्यानें दुसऱ्या बाजूसही जॅक लावावयास सांगितलें, तिकडेही पाहिलें, आणि मगच तो वखर जुंपावयास गेला.